विकतची जळमटं : हॅलोवीन पार्टीनंतरची साफसफाई, नवशिक्यांसाठी

अभिनंदन! तुमच्या घरातली पहिली हॅलोवीन पार्टी पार पडली. आता रविवारची सकाळ आहे, नऊ वाजलेत, आणि चहाचा कप हातात घेऊन तुम्ही जिन्याच्या मधल्या पायरीवर थबकला आहात. खाली कार्पेटवर मनगटापासून तुटलेला एक रबरी हात पडलाय. सोफ्यावर एक कवटी, तिच्यात कुणाचं तरी अर्धं प्यालेलं सरबत. जळकं मेण, चॉकलेट आणि ओला भोपळा यांचा मिळून एक वास घरभर पसरलाय. तो वास गुरुवारपर्यंत राहतो, हे आत्ताच सांगून ठेवते.

तो हात उचलू नका. पंचनामा झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

नियम माझा नाही, नानांचा. नाना म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यात सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रस्ता खचला, पूल वाहून गेला, विश्रामगृहाचं छत कोसळलं, की आधी मोजमाप पुस्तक उघडायचं आणि मग घमेलं उचलायचं, ही त्यांची सवय. २०२४ साली ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे एडिसनला आले होते, आणि न्यू जर्सीत शिकलेलं माझं साफसफाईचं सगळं शास्त्र मी त्या ऑक्टोबरात त्यांच्या हाताखाली नव्यानं शिकले.

हे धडे कुणासाठी? ज्यांनी नुकतंच घर घेतलंय, ज्यांची मुलं तिसरी-चौथीत आहेत आणि ज्यांनी 'साधंच करू या, आठ-दहाच मुलं' असं म्हणून सुरुवात केली त्यांच्यासाठी. आठ-दहा मुलं म्हणजे आठ-दहा आईबाबांच्या जोड्या, शिवाय धाकटी भावंडं, हे गणित पार्टीच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सुटतं. त्याआधी सुटत नाही.

दुसरी अडचण पंचांगाची. त्या वर्षी पार्टी शनिवारी, २६ ऑक्टोबरला होती. सोमवारी वसुबारस. आणि लक्ष्मीपूजन एकतीसला की एकला यावर भारतात सगळे ज्योतिषी भांडत असताना आमच्याकडे भांडायला जागाच नव्हती: इथल्या घड्याळानं अमावास्या शुक्रवारी सकाळीच संपत होती. म्हणजे लक्ष्मीपूजन गुरुवारी, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी. ज्या मुहूर्तावर लक्ष्मी दारात यायची, त्याच मुहूर्तावर गल्लीतली सगळी भुतं टोपल्या घेऊन दारात उभी. नदीपलीकडच्या न्यूयॉर्क शहरानं त्याच वर्षी शाळांना पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी दिली, तीही १ नोव्हेंबरची, म्हणजे साफसफाई उरकल्यावर. तेव्हा हातात होते चार दिवस. भूतबंगला खरवडून त्याचं लक्ष्मीला यावंसं वाटेल असं घर करायचं होतं.

पंचनामा

एक वही घ्या. नानांनी चिरंजीवांची गणिताची वही घेतली आणि तिच्यावर रकाने आखले: बाब, नग, लांबी, रुंदी, शेरा. मग पाठीमागे हात बांधून ते घरभर फिरले आणि मी मागून लिहीत गेले.

'बाब एक. कोळी, प्लास्टिक, काळे. किती आणले होते?'

'पाकिटावर बहात्तर लिहिलंय.'

'सापडले चौसष्ट. आठ बेपत्ता. लिही.'

आठ हा आकडा लक्षात ठेवा. सगळा पसारा आवरता येतो, पण पार्टीतले बेपत्ता कोळी आपापल्या सवडीनं प्रकट होतात. आमचा पहिला मंगळवारी तुरीच्या डाळीत मिळाला. दुसरा नवऱ्याच्या ऑफिसच्या बुटात, तोही न्यूयॉर्कला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत. तिसरा देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे दबा धरून बसला होता. नाना म्हणाले, त्याला राहू दे, कालियामर्दनाचा देखावा होईल.

बाब दोन, मेणाचे डाग, नग अकरा. बाब तीन, रक्त, तीन फूट बाय चौदा इंच. बाब चार, भोपळे, नग पाच, पैकी एक बसलेला. बाब पाचच्या रकान्यात नानांनी नुसतं 'चमकी' असं लिहायला सांगितलं आणि नगाच्या जागी मोठा सुस्कारा टाकला. शेवटची बाब, झाडू, एक, मालक अज्ञात. त्या झाडूकडे तेव्हा कुणी फारसं पाहिलं नाही.

पंचनाम्याचा एक फायदा मला नंतर कळला. तो होईपर्यंत साडेअकरा वाजतात आणि रात्री मुक्कामाला राहिलेली मंडळी आपापल्या घरी जातात.

जळमटं

आता मूळ विषयाकडे या. लहानपणी दिवाळीच्या आधी आईनं बांबूच्या टोकाला कुंचा बांधून, डोक्याला टॉवेल गुंडाळून जी जळमटं आपल्याकडून काढून घेतली, ती इथे पाकिटातून विकत मिळतात. पॉलिएस्टरचा कापूस असतो तो. चार बोटांनी ताणायचा, ताणायचा, आणि पडद्याच्या दांडीपासून दिव्यापर्यंत, दिव्यापासून फोटोच्या चौकटीपर्यंत चिकटवत न्यायचा. हे करताना माझ्या मनाला चोरी केल्यासारखं वाटतं, दर वर्षी. कुठूनतरी आईचा आवाज येईल असं वाटतं.

नानांनी पाकीट हातात घेऊन किंमत वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

'अगं, साताऱ्याच्या घरी माळ्यावर चार पोती निघतील. पाठवायला सांगू?'

नॅशनल रिटेल फेडरेशन ही इथल्या दुकानदारांची संघटना दर वर्षी हॅलोवीनच्या खर्चाचा अंदाज काढते. २०२४ चा अंदाज होता ११.६ अब्ज डॉलर. मी तो आकडा नानांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, 'यात पूल किती झाले असते.'

जळमटं काढायची रीत अशी. व्हॅक्यूम क्लिनर लावू नका. त्याच्या तोंडातला ब्रश फिरतो, कापूस त्याला गुंडाळतो, पट्टा जळल्याचा वास येतो आणि तुमची सकाळ ब्रशमधून कात्रीनं पॉलिएस्टर कापण्यात जाते. त्याऐवजी लाटणं घ्या. जत्रेत म्हातारीचे केस काडीवर गुंडाळतात तसं एका टोकापासून हलक्या हातानं गुंडाळत या. लाटणं नसेल तर काटा चालतो. भिंतीवर उरलेले तंतू कपड्यांचे केस काढायच्या चिकट रोलरनं निघतात.

बाहेरच्या झुडपांवर जाळी लावली असतील तर सुरुवात तिथूनच करा, आणि पुढच्या वर्षी बाहेर लावू नका. त्यात मधमाश्या अडकतात, छोटे पक्षी अडकतात. खऱ्या कोळ्याच्या जाळ्यातून चिमणी सुटते, या कापसातून सुटत नाही. आमच्या अझेलियाच्या झुडपात एक मधमाशी सापडली. चिरंजीवांनी दातकोरणीनं तिचे पाय सोडवले, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे बाहेर जाळी लागत नाहीत.

निघालेला कापूस लगेच कचऱ्यात टाका. लगेच म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांची नजर पडायच्या आत. मी सांजा करायला स्वयंपाकघरात गेले, वीस मिनिटांनी परत आले, तर नाना सोफ्यावर मांडी घालून, समोर ताटलीत थोडी रक्षा घेऊन, त्या जळमटांच्या फुलवाती वळत होते. चौतीस झाल्या होत्या. सुरेख, एकसारख्या, वर टोक काढलेल्या.

'नाना, हा कापूस नाही. प्लास्टिक आहे.'

'असू दे. जळेल ना?'

जळत नाही, वितळतो. पॉलिएस्टरची वात तूप धड शोषत नाही. काळा धूर करते आणि तिचा गोळा पणतीच्या तळाशी जाऊन बसतो. आम्ही मोरीत एक लावून पाहिली, म्हणून सांगते. नानांनी वहीत शेरा मारला: 'साहित्य निकृष्ट.'

आता या धड्यातली खरी मेख. खोटं जाळं सोडवत सोडवत तुम्ही छताच्या कोपऱ्यात पोहोचता आणि तिथे हाताला वेगळंच काही लागतं. पातळ, करडं, धूळ खाऊन जड झालेलं. ते विकतचं नसतं. दोन्हींतला फरक सोपा आहे: खरं जाळं एका फटक्यात निघतं, विकतचं तीन दिवस निघत नाही. पार्टीत एका पाहुणीनं बेसमेंटच्या खिडकीतल्या जाळ्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं. किती नैसर्गिक दिसतंय, कुठे मिळालं, असं विचारत होती. मी दुकानाचं नाव सांगितलं. खरं तर बेसमेंटमध्ये आम्ही सजावट केलीच नव्हती.

घर मुद्दाम घाण करायला घेतलं की आधी किती घाण होतं ते कळतं. खोट्या कवट्या उचलताना खालच्या फडताळावर खरी धूळ बोटभर. प्लास्टिकचा उंदीर काढायला फ्रिज ओढला आणि फ्रिजमागे... जाऊ दे. दिवाळीची सफाई मी त्या वर्षी झाल्यातच जमा धरली होती. त्या रविवारी ती पहिल्यापासून सुरू झाली.

रक्त, मेण आणि कणीक

पार्टीचं रक्त म्हणजे मक्याचा पाक आणि लाल खायचा रंग. अमेरिकन घराचं कार्पेट नेमकं फिक्या बदामी रंगाचं असतं, आणि तसं का असतं हा प्रश्न मला गेली अठरा वर्षं पडलाय. डाग चोळू नका. चोळलात की तीन फूट बाय चौदा इंचांचं चार फूट बाय दोन होतं. गार पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका, पांढरं फडकं बुडवा आणि बाहेरून आत असं टिपत या. पांढरंच फडकं, छापील पंचा वापरला तर त्याचा रंग वेगळा काढत बसावं लागतं. पाक गेला तरी लालसर झाक राहते. तिथे सोफा सरकवा. हिचकॉकनं 'सायको' १९६० साली काळ्यापांढऱ्या रंगात काढला आणि न्हाणीघरातल्या खुनात रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला. कार्पेटवाल्या घरांनी हा आदर्श ठेवावा. चॉकलेटचा डाग निदान खरा वाटतो, आणि मुलांवर ढकलता येतो.

मेणाची रीत उलटी: आधी थंड, मग गरम. बर्फाचा खडा पिशवीत घालून डागावर ठेवा, मेण कडक झालं की बोथट सुरीनं उचला. उरलेल्यावर तपकिरी कागदाची पिशवी पसरा आणि वरून कोमट इस्त्री फिरवा, वाफ बंद ठेवून. मेण कागदात येतं. न्यू जर्सीत २०२२ च्या मे महिन्यापासून दुकानात प्लास्टिकच्या पिशव्या मिळत नाहीत आणि मोठ्या किराणा दुकानांतून कागदीही नाहीत, त्यामुळे इस्त्रीपुरती एखादी तपकिरी पिशवी घरात जपून ठेवावी. आमच्याकडे ती नानांच्या उशीखाली होती. त्यांना ती टाकवेना.

चमकी. तिच्याबद्दल मला राज्याची माफी मागायला हवी की राज्यानं माझी, ते ठरत नाही. आजची ही चमकी न्यू जर्सीचीच: बर्नार्ड्सव्हिल गावात १९३४ साली हेन्री रुश्मन नावाच्या यंत्रकारागिरानं ती कापण्याची युक्ती काढली. आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर ते गाव आहे, पण तिथली बरीचशी चमकी आता आमच्याच घरात असावी. ओला कागद फिरवला तर निम्मी निघते. उरलेली निम्मी काढायची युक्ती कुठल्या बाटलीवर लिहिलेली नाही: घट्ट भिजवलेल्या कणकेचा गोळा घ्या आणि टेबलावर, खुर्चीवर, मुलाच्या कपाळावर टिपत जा. चमकी कणकेला चिकटते. तो गोळा बाजूला ठेवा आणि वर चिठ्ठी लावा. आम्ही लावली नाही. सोमवारी नवऱ्याच्या डब्यातल्या पोळ्या उन्हात लखलखत होत्या, असं त्याचा सहकारी सांगत होता.

सरबताच्या भांड्यातून धूर यावा म्हणून कुणी कोरडा बर्फ आणला असेल आणि तो उरला असेल तर तो सिंकमध्ये टाकू नका. उणे ७८.५ अंशांचा असतो तो; सिंक तडकतं, नळी तडकते. झाकणबंद डब्यातही ठेवू नका, डबा फुटतो. हातमोज्यानं उचलून मोकळ्या हवेत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. आपोआप नाहीसा होतो. साफसफाईच्या सबंध शास्त्रात स्वतःहून निघून जाणारा पाहुणा हा एकच.

फवाऱ्याच्या डब्यातून निघते ती रंगीत शेवई वाळू द्या, मग खेचा. लॉस एंजेलिस शहरानं हॉलिवूड भागात हॅलोवीनच्या दिवशी तिच्यावर २००४ पासून बंदी घातलीय आणि हजार डॉलरपर्यंत दंड ठेवलाय. ही बातमी वाचून तो दंड मला कमी वाटला.

भोपळा

कोरलेला भोपळा चार-पाच दिवस जगतो. ऊन असेल तर त्याहून कमी, आणि त्या वर्षी ऑक्टोबर संपला तरी इथे उकडत होतं. आधी त्याचं कपाळ आत ओढलं जातं, मग दात बाहेर येतात, मग आतून काळी बुरशी येते. शेवटी तो ज्यांच्यासाठी कोरला त्या मुलांना खरोखर घाबरवतो, पण तोवर त्यांना त्यात रस राहिलेला नसतो. ही प्रथा आयर्लंड-स्कॉटलंडहून आली आणि तिकडे लोक सलगम कोरायचे. इथे आल्यावर त्यांना भोपळा सापडला, सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा. बुरशीचाही फायदा झाला.

भोपळ्याचा गर आणि तंतू सिंकमधल्या डिस्पोजलमध्ये घालू नका. ते तंतू पात्यांभोवती गुंडाळतात, खालच्या वाकड्या नळीत जाऊन बसतात आणि प्लंबर रविवारी दुप्पट पैसे घेतो. बागेत पुरा, खताच्या ढिगात टाका, नाहीतर गावाच्या ओल्या कचऱ्यात द्या. मेण मात्र आधी खरवडून घ्या.

खायचा प्रश्न. न कोरलेला एक भोपळा उरला होता, सात किलोचा. नानांनी त्याच्यावर टिचकी मारली आणि जाहीर केलं: घारगे. मी सांगत होते की कोरायचा भोपळा वेगळा आणि खायचा वेगळा. हॅलोवीनला मिळतो तो बहुधा हाउडन जातीचा. मॅसेच्युसेट्सच्या एका शेतकऱ्यानं तो मोठा, उभट, नारिंगी आणि उचलायला भक्कम देठाचा असा तयार केला. सगळे गुण बघणाऱ्यासाठी, खाणाऱ्यासाठी एकही नाही. नाना ऐकेनात. किसला, गूळ घातला, शिजवला. पाणी सुटलं. कणीक घातली. आणखी पाणी सुटलं. तांदळाचं पीठ घातलं. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेलं दोन किलोंचं पीठ संपलं तेव्हा साठ घारगे झाले होते, रंगानं देखणे, चवीला ओल्या पुठ्ठ्याच्या जवळपास. ते संपवायची रीत माझ्याकडे नाही. बिया मात्र धुऊन, वाळवून, मीठ लावून ओव्हनमध्ये भाजा. या सगळ्या प्रकरणातून खाण्याजोगं निघतं ते तेवढंच.

अंगण

३० ऑक्टोबरच्या रात्रीला न्यू जर्सीत 'मिस्चीफ नाइट' म्हणतात. त्या रात्री गल्लीतली मोठी पोरं झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकतात, गाड्यांवर अंडी फोडतात. कोकणातल्या वाचकांना मी जास्त काही सांगायला नको. शिमग्यात कुणाचं दार, कुणाची बैलगाडी होळीवर जाते, त्याची ही शहरी, कागदी आवृत्ती.

गुरुवारी पहाटे आमच्या मेपलवरून पांढरे पट्टे लोंबत होते. नानांना वाटलं, दिवाळीची सजावट. कागद ओला करू नका, तो लगदा होऊन फांदीला चिकटतो. कोरडा असताना लांब दांड्याच्या खराट्यानं ओढा. आमचं काम सोपं झालं, कारण तो सबंध ऑक्टोबर पावसाचा थेंबही धड पडला नव्हता. १७ तारखेला राज्यानं पाणी जपून वापरायची सूचना काढली होती. गाडीवरच्या अंड्याला मी रबरी नळी घेऊन निघाले तेव्हा नानांनी मला ती सूचना वाचून दाखवली आणि एक तांब्या दिला. अंड्यावर कढत पाणी ओतायचं नाही, ते शिजतं. साबणाच्या पाण्यानं भिजवून ठेवायचं, मग मऊ फडकं.

समोरच्या घरात बारा फुटी सांगाडा आहे. होम डेपोनं २०२० साली २९९ डॉलरना विकायला काढला होता तो. नाना रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहून त्याचं मोजमाप घेत. 'आपल्या स्लॅबपेक्षा दोन फूट उंच. हे लोक ठेवतात कुठे?' कुठेच ठेवत नाहीत. शेजाऱ्यानं त्याला नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या यात्रेकरूंची टोपी घातली, डिसेंबरात सांताची. नवशिक्यांनो, साफसफाईचा हाही एक मार्ग आहे.

त्याच गुरुवारी पहाटे नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान झालं. उटणं होतं, मोती साबण होता, कारीट नव्हतं. नानांनी सजावटीच्या टोपलीतला मुठीएवढा भोपळा उचलला, तुळशीसमोर ठेवला आणि गोविंदा म्हणत डाव्या पायाच्या अंगठ्यानं दाबला. ते छोटे भोपळे शोभेचे असतात, दगडासारखे. नरकासुर शाबूत राहिला आणि नानांचा अंगठा दोन दिवस सुजला. संध्याकाळी म्हापशाच्या एका मित्राचा फोन आला. गोव्यात आदल्या रात्री पोरं दोन-दोन मजली नरकासुर उभे करतात, मिरवतात, पहाटे जाळतात. तो म्हणाला, 'आमचा असुर निदान जळून तरी जातो. मागे तारा राहतात तेवढ्याच.' मला त्याचा हेवा वाटला. पॉलिएस्टर, रबर आणि चमकी यांचा वध अजून कुणी केलेला नाही.

झाडू

चार वाजता घर चकाचक झालं. दारात रांगोळी, तिच्या कडेला पणत्या, पलीकडे मिठाईच्या टोपलीत छोटी चॉकलेटं. नानांनी चौरंग मांडला, वही-पेन ठेवलं, नाणी ठेवली, आणि मला विचारलं, 'केरसुणी?'

मी विसरले होते. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते, तिला हळदकुंकू वाहायचं, मग ती घरात वापरायला घ्यायची. दोन कुटुंबांच्या डोक्यात बसलेली इतकी सरळ गोष्ट मी चार दिवस घर झाडत असताना विसरले. व्हॅक्यूम क्लिनरला कुंकू लावायला नाना तयार नव्हते. ते यंत्र आहे, त्याची पूजा दसऱ्याला. ओक ट्री रोडवर जाऊन यायला वेळ नव्हता, आणि त्या संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा मिळाली असती तर तोच चमत्कार झाला असता.

मग नानांनी वही उघडली. शेवटची बाब. झाडू, एक, मालक अज्ञात.

तो गराजमध्ये होता. पाहताच आठवलं, पार्टीत आमची शेजारीण चेटकीण होऊन आली होती, काळा झगा, टोकदार टोपी, आणि हा झाडू. प्लास्टिकचा नव्हता. इथल्या किराण्याच्या दुकानांत शरद ऋतूत दालचिनीचा वास लावलेले गवताचे झाडू मिळतात, दाराशी टांगायला, त्यातला होता. खऱ्या काड्या, सुतळीची बांधणी. नानांनी तो उलटसुलट करून पाहिला, दोन काड्या वाकवून पाहिल्या.

'शिंदीचा नाही,' म्हणाले. 'पण बांधणी पक्की आहे. नवा आहे ना? कचरा झाडलेला नाही ना?'

'नाही. फक्त उडायला वापरलाय.'

नानांनी त्याला चौरंगाशेजारी उभं केलं, पाच बोटं हळदीची आणि पाच कुंकवाची ओढली. घरभर दालचिनी आणि उदबत्ती. आरती चालू असताना बेल वाजत राहिली आणि नवरा एका हातानं टाळ वाजवत दुसऱ्या हातानं चॉकलेटं वाटत राहिला.

साडेआठला शेजारणीचा मेसेज आला: माझा झाडू तुमच्याकडे राहिलाय का? मी लिहिलं, आहे, पण पूजेत आहे, पाडव्यानंतर देते. तिनं त्यावर एक अंगठा पाठवला आणि काही विचारलं नाही. चांगली बाई आहे.

रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे गेली. सफाईसाठी सरकारनं दिलेला तो तास मी झोपून काढला. दुपारी चकल्यांचा डबा आणि झाडू घेऊन तिच्याकडे गेले. तिनं झाडू हातात घेतला, दांड्यावरची पिवळी-लाल बोटं पाहिली आणि विचारलं, हे पिवळं कसं काढायचं?

उन्हात ठेव, म्हटलं. एप्रिलमध्ये.